सराटा

पोळी तव्यावर करपत होती
अन् माह्या हातात नाव नव्हतं.
"ते दे वो आचल, ते... उलटायचं."
तिनं देलं. हासली नाई.

बावीस बायाइच्या गटाचा हिशेब
मी तोंडी ठेवो.
कोनाचं व्याज, कोनाचा हप्ता,
बेबीनंदाचे सात रुपये जास्तीचे.
आता सत्तावीसवर आंगठा ठेवून बसतो,
पुढचा आकडा येतच नाई.

नागपूरचा डॉक्टर म्हने, लुपस.
उन्हात निघू नको, म्हने.
चैतात, इथं!
गालावरचे लाल चट्टे सगळ्याइले दिसते,
बाया त्याइचंच विचारते.

रात्री भांडे घासता घासता
दांड्यावर बोट अडकलं.
खिळ्यानं कोरलं होतं: सराटा.
आचलचंच अक्षर,
ट जरासा वाकडा.