सरावाचं कापड

नळ स्टॉपच्या अलीकडे, जिन्यात कागद चिकटवलेला :
मोफत इंग्रजी, तिसरा मजला, दुपारी दोन ते चार.
माझं फॉल-पिकोचं दुकान खालीच,
एक ते चार तसंही बंद असतं.
का गेले? फुकट होतं म्हणून.
उगाच दुसरं कारण कशाला सांगू.

वर गेल्यावर कळलं,
शिकायला आलेत ते शिक्षकच.
चार आठवड्यांचा कोर्स, सर्टिफिकेट मिळणार,
त्यासाठी साता समुद्रांपलीकडून आलेले,
आणि आम्ही त्यांचं सरावाचं कापड.
बेततील, कापतील, चुकलं तर उसवतील.
रिक्षावाले मोकाशी, बँकेतून निवृत्त टिळेकर,
केरळच्या दोन नर्सा, सुदानचा एक लाजाळू मुलगा,
आणि मी, नलिनी खळदकर. वय विचारू नका,
ते त्यांनी पहिल्याच धड्यात विचारलं.

आमच्या वाट्याला आलेली इल्दिको, हंगेरीची.
चोवीस-पंचवीसची असेल.
मानेवर घामोळं, हातात खडूऐवजी मार्कर,
आणि टोपण कायम हरवलेलं.
मागच्या खुर्चीत परीक्षक.
ती बोलली की तो लिहायचा,
ती अडखळली की जास्त लिहायचा.

मला इंग्रजी वाचता येतं,
बोलताना दातखीळ बसते, एवढंच.
आणि काउंटरपलीकडची पावती उलटी वाचायची
तीस वर्षांची सवय.
तिच्या टेबलावरचा कागद मी रोज वाचायची :
पाच मिनिटं चित्र. आठ मिनिटं जोड्या.
तीन मिनिटं विद्यार्थी चुकतील.
सात मिनिटं मी सुधारेन.
चुकायलासुद्धा वेळ नेमून दिलेली.
आमच्या शाळेत चुकायला दिवसभर मोकळीक होती
आणि सुधारायला एक छडी.

तिसऱ्या आठवड्यात, साडेसातला,
ती दुकानात आली.
डोळे सुजलेले. बोटांनी कात्रीची खूण केली.
उद्याच्या धड्याच्या चिठ्ठ्या कापायच्या होत्या,
यस्टरडे, टुमारो, टू डेज अगो.
माझी कात्री नऊ इंची, नवऱ्याच्या पहिल्या बोनसची.
कापडाची कात्री कागदाला लावू नये,
हे मी पोरींना झोपेतसुद्धा सांगेन.
दिली.
स्टुलावर बसून कापत राहिली ती,
काल, उद्या, परवा
रीळांच्या खोक्यात, दोऱ्यांच्या गुंत्यात पडत राहिले.
मी एका पैठणीला फॉल लावत होते.
दोघी काही बोललो नाही.
बोलायचं कुठल्या भाषेत, हाही प्रश्न होताच.

शेवटचा धडा भूतकाळाचा.
आणि टिळेकरांनी घात केला :
आदल्या दिवशी जिन्यात उभं करून
सगळ्यांकडून क्रियापदं घोटून घेतलेली.
मोकाशी बरोबर. नर्सा बरोबर.
सुदानचा मुलगा न लाजता बरोबर.
परीक्षकानं घड्याळ पाहिलं.
इल्दिकोचे कान लाल झाले,
सात मिनिटं सुधारायची
आणि उसवायला एक टाका नाही.

मी हात वर केला.
आय गोड टु मंडई यस्टरडे.
टिळेकरांनी माझ्याकडे असं बघितलं
जसं मी बँकेत चुकीची स्लिप भरली.
पण ती!
वळली फळ्याकडे, मार्करचं टोपण खाली पडलं,
गो लिहिलं, खोडलं, वेन्ट लिहिलं,
माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं.
मी तिसऱ्यांदासुद्धा थोडं चुकले,
मिनिटं उरली होती म्हणून.
मागे पेन बराच वेळ चालत होतं.

ती पास झाली की नाही, माहीत नाही.
निरोपाला चितळ्यांची बाकरवडी नेली होती,
तिखट लागली तिला, तरी दोन खाल्ल्या.

काल धारवाला आला.
पातं अंगठ्यावर फिरवून म्हणाला,
बाई, कागद कापलात ना हिनं?
नाही हो, म्हटलं.

जिन्यात नवा कागद लागलाय.
वर जाऊन नाव देऊन आले,
पहिल्या पायरीच्या वर्गात.