अंगी लागणं

वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर मी टपाल वाटते.
एकशे एकसष्ट पायऱ्यांची एक गल्ली, तशा नऊ.
समुद्रावरून वारा सुटला की
बेकरीतला नेल्सोन दारातून ओरडतो,
"यास्ना, खिशात दगड ठेव गं!"
सगळी गल्ली हसते. मीही.
सुटलेल्या पोटाबद्दल माणसं निदान कुजबुजतात;
हाडांबद्दल मोठ्यानं बोललं तरी चालतं.

बाप असाच होता. त्याचा बाप तर
लग्नाच्या फोटोत खराट्याशेजारी उभा आहे
आणि त्यातला खराटा कुठला ते सांगावं लागतं.
खातो आम्ही दणकून. अंगी लागत नाही.
कुणास ठाऊक कुठं जातं,
पायऱ्यांना लागत असेल.

त्या वर्षी आईला तीन पिशव्या रक्त चढलं.
कुणाचं, ते पिशवीवर लिहिलेलं नसतं.
टपालवालीला हे सहन होत नाही:
पाठवणाऱ्याचं नाव नाही,
उत्तर द्यायचं तर कुणाला?
म्हणून रक्तपेढीत गेले, बाही आधीच वर करून.
काटा म्हणाला, सेहेचाळीस आठशे.
नर्स एर्सिलिया म्हणाली, पन्नास लागतात.

दुसऱ्या खेपेला दोन लिटर पाणी पिऊन गेले
आणि खरंच, खिशात दगड.
तिनं माझा कोट काढून खुंटीला लावला,
खुंटीनं मान टाकली.
"दगडाला रक्त नसतं, पोरी,"
म्हणत तिनं कागदाच्या पाठीवर लिहून दिलं.
औषध नाही, नुसत्या वेळा.
दिवसातून सहा. भुकेची वाट न बघता.

मग सकाळी भाजलेल्या गव्हाचं पीठ, दुधात, मध घालून.
उल्पो. आजोबा बंदरावर पोती उचलायचे
ते हे पिऊनच.
टपालाच्या पिशवीत एका कप्प्यात अक्रोड:
सतराव्या घरापाशी चार, चाळिसाव्यापाशी चार.
दुपारी लाल भोपळा घालून शिजवलेला घेवडा,
पावावर अर्धा अ‍ॅव्होकाडो, बोटानं चेपलेला.
रात्री उकडलेलं अंडं घशाखाली उतरेना
तेव्हा मांजराशी भांडायचं, आणि गिळायचं.

शेजारचा गवंडी एलिसेओ म्हणाला,
नुसतं खाऊन पोट येईल, बळ येणार नाही.
वाळूच्या दोन बादल्या दिल्या त्यानं.
उचल. ठेव. बस. ऊठ.
मार्चपर्यंत दीड किलो.
जुलैत ताप आला, दोन गेले.
त्या रात्री मी काट्याला लाथ मारली
आणि पायाचा अंगठा सुजला.
एलिसेओ बघून म्हणाला, चला, काहीतरी वाढलं.

काटा मी पलंगाखाली ढकलला.
कळलं ते भलतीकडूनच:
पिशवीचा पट्टा खांद्याच्या हाडाला घासेना,
दगडी बाक टोचेना बसल्यावर,
आणि एका सकाळी, कठडा नसलेल्या वळणावर
वारा आला, गेला,
मी तिथंच होते.

डिसेंबरात पन्नास तीनशे.
एर्सिलियानं कोट चाचपला. खिशात अक्रोडाची टरफलं.
सुई. लाल नळी. मूठ मीट, मूठ उघड.
कुणी कौतुक केलं की म्हणे
अंगावर मूठभर मांस चढतं.
माझं मूठभर चढायला चौदा महिने लागले,
त्यातलं थोडं उतरायला दहा मिनिटं.

जाता जाता काट्यावर पाय ठेवून पाहिला.
पन्नासला जरा कमी.
पिशवीवर फक्त आकडा आणि तारीख;
आयुष्यात पहिल्यांदा मी
पत्ता नसलेलं टपाल पुढं सोडलं.

एर्सिलियानं चीज घातलेला पाव हातात दिला.
"चार महिन्यांनी ये. बसून खा, घाई नको."
मी बसून खाल्ला.
मग विचारलं, अजून एक मिळेल?