आढळ

छोटी गाडी बंद पडली, आणि घोसीपुऱ्याला
रुळांच्या मधोमध ती उगवली.
पुरुषभर उंच. देठ चौकोनी,
बोटांत फिरवला की चार कडा लागतात,
तुळशीच्या लागतात तशाच.
वास मात्र घरातला नाही.

वीतवीत अंतरावर काटेरी गोंडा,
गोंड्यातून बाहेर शेंदरी मखमल,
आणि एक शिंजीर
उलटा लटकून, ज्योतीमागून ज्योत
चोचीनं विझवत चाललेला.

मी फांदी कापून वर्तमानपत्रात दाबली.
काटे कागद फाडून वर आले,
मंत्र्याच्या भाषणातून, सोन्याच्या भावातून.

फाटकाजवळची रामरती म्हणाली,
गठिवन कशाला नेता बाई?
आम्ही गोंडा जाळतो, राख सरसोंच्या तेलात,
भाजल्यावर लावतो.
आमच्यात हिला दीपमाळ म्हणतात, मी म्हटलं.
म्हणजे?
म्हणजे देवळापुढचा दगडी खांब,
वरपर्यंत हातच हात, हातावर दिवा.
तुम्ही पाहिलाय?
एकदा. आठव्या वर्षी, सासवडकडे,
मामाच्या लग्नाला गेलो तेव्हा.
भर दुपारी. पेटलेला नव्हता.

रात्री चिठ्ठी लिहायला घेतली.
कुळ : पुदिन्याचं.
आयुष्य : एक वर्ष.
आढळ :

पुस्तक म्हणतं, मूळ आफ्रिकेतलं. मग ब्राझील,
मग बेटं, मग जिथं जिथं
माणसानं जमीन उकरली आणि सोडून दिली.
जहाजांच्या याद्यांत गोणी होत्या, गुरं होती, माणसं होती,
हिचं नाव कुठंच नाही.

पुण्याची नणंद दर दिवाळीला म्हणते,
तुमचं मराठी किती छान हो,
ग्वाल्हेरचं वाटतच नाही.
मी तिला अनारसे वाढते.

शेवटी लिहिलं : घोसीपुरा, ग्वाल्हेर.
दोन रुळांमधली खडी. चाळीसेक झाडं.
संग्राहक : दमयंती शितोळे.
टेबलावर काळं बी सांडलं होतं,
पेल्यापेल्यात चार. ते पुडीत भरलं.
दोन गोंडे रामरतीसाठी बाजूला ठेवले,
तिच्या सुनेचा हात कढईनं पोळला होता.

जानेवारीत मोठ्या लाइनीसाठी जेसीबी आला.
झाडं वाळून उभीच होती,
त्यांचं वर्ष तसंही संपलेलं.
ती मोडताना खुळखुळ्यासारखी वाजली.
दुपारी चालकानं रामरतीकडं पाणी मागितलं,
दोन तांबे प्यायला,
आणि जेसीबी सबलगढच्या दिशेनं गेला,
टायरांच्या खाचांत माती घेऊन.