पत्ता अपूर्ण

पहिल्या दिवशी मिळालं ते असं:
निळ्या फितीतलं ओळखपत्र, त्यावर डोळे मिटलेली मी,
आधीच्या कुणा इंटर्ननं एंटरचं बटण झिजवलेला लॅपटॉप,
आणि सहा आठवडे.

अंबडच्या त्या काचेच्या इमारतीत मे महिना शिरत नाही.
मी ओढणी दोनदा गुंडाळून बसते
आणि खाली, गेटसमोरच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये
उन्हालाच ऊन लागत असतं.

साडेदहाला स्टँड-अप. सगळे बसूनच असतात.
सुयोग बेंडकुळे सर ओळीनं विचारतात:
काल काय केलंस, आज काय करणार, अडलंय का कुठे?
काल पत्ते, मी म्हणते, आज पत्ते. नाही अडलं.

पार्सलं पोचवणाऱ्या कुणा मोठ्या कंपनीसाठी
नाशिकचे चाळीस हजार पत्ते धुऊन द्यायचे.
प्रोग्रॅम मी लिहिला.
दोनदा कोसळला, तिसऱ्यांदा चालला,
त्या संध्याकाळी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून
मी एकटीच हसत होते, द्वारकेपर्यंत.
घर क्रमांक एका रकान्यात, गल्ली दुसऱ्यात, पिनकोड तिसऱ्यात.
उरेल ते टाकून द्यायचं.

उरायचं ते हे:
पिठाच्या गिरणीवर, जिना बाहेरून आहे.
भद्रकालीत कुणालाही विचारा, मन्सूर बांगडीवाले.
सातपूर, बंद टॉकीजच्या समोर, टॉकीज आता नाही.
बेल वाजवू नये, बाळ झोपतं. कडीही वाजवू नये. फोन करावा.
फोन लागत नसल्यास हाक मारावी, हळू.

शेजारच्या खुर्चीत रुहीना, वडाळा गावातली.
मध्येच म्हणायची, अगं, हे ठाऊक आहे मला,
इथं खाली मलई कुल्फी मिळते.
मग आम्ही दोघींनी
कुल्फीही काढून टाकली.

चौथ्या आठवड्यात, अवैधच्या यादीत, ओळ अठरा हजार दोनशे सहा:
तांबट लेन, ठोके ऐकू येतात तिथून दुसरं दार.
मोबाइल नंबर पप्पांचा.
माल: बूट, लेडीज, काळे, पाच नंबर.

मी टेबलाखाली पाय मागे घेतले.

घर क्रमांक रिकामा. पिनकोड रिकामा.
माझ्याच हातचा प्रोग्रॅम मला सांगत होता,
तू जिथून रोज सकाळी निघतेस
ती जागा सापडत नाही.
पण बूट तर आले होते! वेळेत आले होते.
कुणीतरी पोरगा पाठीवर पोतं घेऊन
गल्लीच्या तोंडाशी गाडी बंद करून
कान देऊन उभा राहिला असणार.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला,
अडलंय का कुठे?
हो, मी म्हणाले, आणि सगळ्यांनी स्क्रीनवरून डोळे काढले.
बोलताना माझं मराठी-इंग्रजी एकमेकांच्या पायात आलं.
सर ऐकत राहिले, पेनाचं टोपण काढत, लावत.
आमच्याकडं, हरसूलच्या पुढं, ते म्हणाले,
पार्सल टपरीवरच ठेवून जातात, मग निरोप येतो.
एवढंच.
नंतर दुपारी मेसेज: चौथा रकाना कर. नाव दे, इतर.
साठ अक्षरं. शुक्रवारपर्यंत.

केला. पलीकडची कंपनी तो ठेवेल की नाही
कुणालाच माहीत नाही.
रुहीनानं पहिली भरली कुल्फी.

निळी फीत परत केली. फोटोतली मी अजून झोपलेलीच.
सर्टिफिकेट कुरिअरनं येणार म्हणाले.
फॉर्मवर घर क्रमांक लिहिला, गल्ली लिहिली, पिनकोड तीनदा तपासला,
उरलेल्या जागेत काही लिहिलं नाही.
फॉर्मला तशी जागाच नव्हती.

घरी हे सहज बोलले, जेवता जेवता.

मंगळवारपासून पप्पा दुपारचे आडवे होत नाहीत.
ऑर्डर नाही कसली, घंगाळ कधीच पुरं झालंय,
तरी ऐरणीवर पालथं घालून
ठोकत बसलेत.