उलट्या पावली

वादळानंतरची चौथी रात्र. लुईझियाना.
अंगणातल्या मोटरहोमच्या पोटात जनरेटर गुरगुरतो.
भाच्याने वायर आणली, दोन्ही टोकांना पिना :
"ड्रायरच्या सॉकेटात खुपस, मावशी, घर उजळेल."

ओडीलने ती पक्कडीने मधोमध तोडली.
बोलली नाही.

वीज उलट्या पावली खांबाकडे निघते,
ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारोंनी फुगते,
आणि मेलेली म्हणून धरलेली तार
हातात जिवंत होते,
हे तिला रेमीच्या हातमोज्यांनी सांगितलं होतं.
कंपनीने ते पिशवीत घालून परत दिले होते.

आता एकच लांब वायर, फ्रिजपुरती.
धुराचं तोंड तळ्याकडे,
खिडकीच्या फटीत टॉवेल.
इन्सुलिन थंड आहे.
बाकी अंधार.

पलीकडे खांबावर कुणीतरी चढतंय,
कपाळावर दिवा.
ओडील उठते, मेन स्विच चाचपते.

बंदच आहे.
तरी पुन्हा एकदा.