भट्टीची तीन कोटेशनं

ऑक्टोबराच्या शेवटी तळघरातली भट्टी मेली.
एकदम नाही. आधी महिनाभर कुरकुरली,
मग रात्री-बेरात्री खोकायला लागली,
आणि एका पहाटे मी खाली गेलो तर
निळी ज्योत नाही, नुसता गार पत्र्याचा वास.
तिच्या कुशीवर पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा:
कधी पट्टा बदलला, कधी तेल घातलं,
चौऱ्याऐंशी सालापासूनच्या. निम्म्या माझ्या अक्षरात,
निम्म्या हेल्मीच्या. तिचे आकडे नेहमीच सरळ.

हॅनकॉकमध्ये भट्टीवाले तिघे.
पहिला ड्वेन बूशे. जिना पुरता न उतरताच म्हणाला,
"होती तेवढीच बसवू. नऊ हजार चारशे. उद्या येतो."
बूट पुसले नाहीत त्यानं.
पण ओव्हनचं दार उघडं टाकून
त्याच्यासमोर खुर्चीत रात्र काढलेल्या माणसाला
'उद्या' हा शब्द फार स्वस्त वाटतो.

दुसऱ्यानं टॅब्लेटवर चित्रं दाखवली.
हसरं कुटुंब, सोनेरी कुत्रा,
सतरा हजार दोनशे, दहा वर्षांचे हप्ते.
मी ब्याऐंशीचा.
म्हटलं, "शेवटचे हप्ते हा कुत्रा फेडणार का?"
तो हसला नाही. चित्र पुढे सरकवलं.

तिसरी टेसा लाहती. टेप घेऊन आली.
खिडक्या मोजल्या, माळ्यावर चढून
भुशाचा थर बोटानं मापला,
भिंतीला कान लावल्यागत उभी राहिली जरा वेळ.
बाहेर हीट पंप, म्हणाली, उन्हाळ्यात गारवाही तोच देईल,
आणि उणे वीसच्या रात्रींसाठी
खाली सोबतीला लहानशी भट्टी.
मग वहीतून मान वर न करता विचारलं,
"घरात माणसं किती?"

"कशाला लागतं?"
"माणूस ऊब सोडतो. नुसता बसला तरी
शंभर वॅटचा दिवा. उन्हाळ्यात
तेवढी उष्णता मशीनला उपसावी लागते."
"आणि हिवाळ्यात?"
"हिवाळ्यात माणसं धरत नाही आम्ही.
कुणी नसलं तरी घर तापलं पाहिजे."

"दोन," मी म्हणालो.
तिनं दोन लिहिलं.
खुंटीला कोट एकच होता, तो तिला दिसला असणार.
एकूण सतरा हजार चोवीस.

हेल्मी टेकडीपलीकडच्या शुश्रूषागृहात, हे तिसरं वर्ष.
तिथं इतकं गरम ठेवतात
की खिडकीतली जिरेनियमसुद्धा माना टाकतात.
रविवारी तिन्ही कागद घेऊन गेलो.
मला ती कधी भाऊ समजते, कधी दूधवाला.
पण बावीस वर्षं सहकारी दुकानाच्या वह्या तिनं लिहिल्या,
बोटाला ते अजून ठाऊक आहे.
बोट ड्वेनच्या कागदावरून उतरत गेलं, थांबलं.
"जुनी उचलून न्यायचे पैसे यात नाहीत. मागाहून मागेल."
दुसरा कागद तिनं पालथा घातला, बोललीच नाही.
तिसऱ्यावर ओठ हलले. एकदा. पुन्हा एकदा.
"हिनं कर दोनदा लावलाय. नऊशे बारा जास्त."
मी तीनदा बेरीज केली. तिचंच खरं.

"कोणाचं घर हे?" तिनं विचारलं.
"आहे एक ओळखीचा."
"दोन माणसं लिहिलीत."
"हो."
"मग घे म्हणावं. एकट्याला महाग पडलं असतं."

टेसा फोनवर ओशाळली. नऊशे बारा वजा केले,
गुरुवारी सकाळी माणसं आणते म्हणाली.
तोवर तीन रात्री, ओव्हन आणि दोन गोधड्या.
मी पेन्सिल शोधली, खाली गेलो,
उचलून नेणार त्याच पत्र्यावर
आजची तारीख घातली,
आकडे होतील तितके सरळ.