आवाज कसा येतोय

पहाटे पाचला चावी अर्धीच फिरवायची.
डॅशबोर्डवर जिलबीच्या वेटोळ्यासारखा
पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत
थांबायचं. थंडीत जरा जास्त.
धायरीतल्या आमच्या सोसायटीत या वेळी
वॉचमन मंगसुळे आणि मी,
दोघंच काय ते थांबलेले.
दिवा विझतो. ती खोकते,
दोनदा, आणि सुरू.

सतरा वर्षं. दोन लाख बेचाळीस हजार,
त्यातले शेवटचे काही अंदाजाने,
कारण मीटर तिच्याआधी थकलं.

मी रक्ताचे नमुने गोळा करते.
आनंदनगर, वारजे, डहाणूकर कॉलनी.
लोक उपाशीपोटी बाही वर करून बसलेले असतात,
त्यांचा चहा माझ्यापाशी अडलेला असतो.
आज नको, असं
तिला म्हणता येत नाही,
म्हणून मलाही.

वडगाव पुलाच्या अलीकडे इलाही शिकलगारांची पत्र्याची शेड.
पहिल्यांदा गेले तेव्हा तेलाची पट्टी पुढे धरून म्हणाले,
बघा, बदलून आठ दिवस नाही झाले, काळंकुट्ट!
ते हसले नाहीत. म्हणाले,
ताई, डिझेलचं तेल काळं होतं
म्हणजे काजळी ते स्वतःच्या अंगावर घेतंय.
गोरं राहिलं तर मला फोन करा.

लांबून आलात तर लगेच बंद करू नका, म्हणाले,
मिनिटभर नुसतं उभं राहू द्या तिला.
(बावधनहून घरी आल्यावर मीही
मिनिटभर तशीच बसते, स्टिअरिंगवर हात ठेवून.)
फिल्टरखालचा स्क्रू सैल केला की
आधी पाणी येतं, मग डिझेल.
आणि टायमिंगचा पट्टा
सांगून तुटत नाही. तारीख लिहून ठेवा.
मी लिहून ठेवते. वाणसामानाच्या वहीत,
शेंगदाण्यांच्या खाली.

मागच्या शनिवारी इंजिनात टकटक घेऊन गेले.
शिकलगारांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनवर, मूठ कानाला.
एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक.
मग दुसऱ्या कानाला लावला.
मग मुठीकडे बघत राहिले,
जणू तीच बिघडली असावी.
चाळीस वर्षं या कानांत
दुसऱ्यांची इंजिनं गेली होती.

ताई, म्हणाले, तुम्ही ऐका.

आधी सगळंच एकदम, मंडईसारखं.
मग एकेक जण वेगळा बोलू लागला.
कसा आवाज येतोय? ते ओरडले.
टकटक.
टकटक सगळेच म्हणतात. कसली टकटक?
मी डोळे मिटले.
स्टीलच्या डब्याचं झाकण
नीट बसलेलं नसतं, तशी.
गरम झाल्यावर?
कमी.
कितव्यावर?
तिसऱ्या.

त्यांनी मान हलवली.
शीर दिसत नसली की मी बोटाने चाचपते,
तसा त्यांचा चेहरा झाला होता.
दुपारी गार झाल्यावर झाकण उघडलं,
पात्यांच्या जुडीतलं एक पातळ पातं सरकवलं.
तिसऱ्यावरच. केसाएवढं जास्त अंतर.
बिलावर मजुरी लिहिली, खोडली,
पन्नास रुपये कमी करून पुन्हा लिहिली.
कशाचे, मी विचारलं नाही.

सोमवारी वारज्यात
सापटणेकर आजोबांनी दार उशिरा उघडलं,
दोन्ही बाह्या मनगटापर्यंत खाली.
गाडी बदललीत का हो? म्हणाले,
एरवी तुम्ही वळणावर आलात की
मला कळतं, मी बाही वर करून ठेवतो.
आज काही ऐकूच आलं नाही.

शिकलगारांना हे सांगायचंय.
मोठ्याने.
दोनदा.